खालच्या ओळीतलं शटर

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या बहुतेकांवर माझा विश्वास बसलेला नाही. वाचताना मी आपला तपासत बसतो... अंधार किती होता, माणूस किती थकलेला होता, बघायला दुसरं कोणी होतं का. निम्म्या गोष्टी तिथंच गळतात. ही सवय धंद्यातून लागलेली आहे. शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत मी इन्स्पेक्शनला आहे. कास्टिंग मोजायचं, ड्रॉईंगशी ताडायचं, मापात बसत नसेल तर लाल रंगाचा पट्टा ओढून बाजूला काढायचं. त्यामुळे मी आता जे सांगणार आहे ते कुठल्याच मापात बसत नाही, हे मला तुमच्या आधी कळलेलं आहे. फक्त त्यावर लाल पट्टा ओढायला हात होत नाही — म्हणून इथं लिहितोय.

घर फुलेवाडीत, गगनबावडा रस्त्यापासून थोडं आत. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. पुढच्या बाजूला गाडीसाठी बांधलेली एक खोली आहे, तिच्यात गाडी कधीच लागली नाही. तिथं माझे टेलिफोन आहेत. जुने टेलिफोन, तारायंत्राच्या किल्ल्या, मॅग्नेटो, घंट्या असं सगळं गोळा करायचा मला नाद आहे. भंगार बाजारात किलोवर विकायला काढलेलं यंत्र घरी आणायचं, उघडायचं, साफ करायचं आणि ते पुन्हा बोलू लागेपर्यंत सोडायचं नाही. माझी बायको सुनीता पाहुण्यांना सांगायची, "लोकांच्यात देव्हारा असतोय, आमच्यात भंगारहारा हाय."

या सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे एक छोटा स्विचबोर्ड. एका बंद पडलेल्या कारखान्यातला, दहा लाईनींचा. तो कसा चालतो हे थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

या बोर्डाला वीज लागत नाही. प्रत्येक फोनला बाजूला एक दांडा असतो. तो फिरवला की आतला मॅग्नेटो, म्हणजे हातानं वीज काढायचं छोटं यंत्र, फिरतो, तारेतून करंट येतो आणि बोर्डावरचं त्या नंबरचं पितळी शटर 'टक्' करून खाली पडतं. शटर म्हणजे बोटाच्या पेराएवढी झडप. ही वरची ओळ : कोण बोलावतंय ते सांगणारी. मग बोर्डावर बसलेला माणूस दोरीचं एक टोक त्या लाईनीत खुपसतो, विचारतो, आणि दुसरं टोक हव्या त्या लाईनीत खुपसतो. दोघांचं बोलणं सुरू. खाली शटरांची आणखी एक ओळ असते, एका दोरीला एक. बोलणं संपलं की बोलणाऱ्यानं रिसीव्हर ठेवून दांड्याला अर्धा फेरा द्यायचा. त्यानं खालचं शटर पडतं आणि समोरच्याची घंटीही जराशी किणकिणते. याला रिंग-ऑफ म्हणायचे. खालचं शटर पडल्याशिवाय दोरी काढायची नाही, हा बोर्डावरच्या माणसाचा नियम. शटर एकदा पडलं की हातानं उचलेपर्यंत पडलेलंच राहतं.

बोर्ड दुरुस्त झाल्यावर त्याला बोलायला माणसं हवी होती. मी एक नंबर स्वयंपाकघरात दिला, दोन नंबर वरच्या खोलीत, आणि चार नंबर भिंतीपलीकडं आण्णांच्या घरात. आण्णांची पिठाची गिरणी आहे, घराला लागूनच. त्यांची बायको मंगलवहिनी, माहेर मुरगूडचं. सुनीता आणि त्या एकमेकींच्या जिवाभावाच्या.

"अहो, भिंतीवरनं हाक मारली तर ऐकू येतंय की तिला," तार ओढताना सुनीता म्हणाली होती.

"तिला येतंय. सगळ्या गल्लीलाही येतंय."

हे तिला पटलं. त्यानंतर माझ्या सुट्टीच्या दिवशी — म्हणजे सोमवारी, आमच्याकडं कारखान्यांना सुट्टी सोमवारी — दोघींचा फोन ठरलेला. एक नंबरचं शटर पडायचं, मी विचारायचो, "नंबर?" ती गंभीरपणे सांगायची, "चार द्या." दुसरा कुठला नंबर तिनं कधी मागितला नाही, पण सांगायची मात्र दर वेळी. मी जोडून द्यायचो आणि ऐकायचो नाही. तोही नियमच. अर्थात वहिनी फोनमध्येही एवढ्या मोठ्यानं बोलायच्या की भिंतीवरून ऐकू यायचंच.

आण्णा कुरकुरायचे. "एक्सचेंजवाले सायेब, तुम्ही आमची बायको बिघडिवली बघा. मी हाक मारली की 'लाईन बिझी हाय' म्हणती."

वहिनी रिंग-ऑफ कधीच देत नसत. बोलणं झालं की रिसीव्हर अडकवून मोकळ्या. तो अर्धा फेरा दर वेळी सुनीताच द्यायची.

"वहिनी, दंड लावीन हं," मी म्हणायचो.

"लावा की! तुमच्या पोह्यातनं कापून घेतो," वहिनी म्हणायच्या; सोमवारचे पोहे त्यांच्याकडूनच यायचे. आमच्याकडं बायकाही 'घेतो', 'आलो'च म्हणतात, बाहेरच्या वाचकांसाठी सांगितलं.

मागच्या वर्षी पावसाळा सरल्यावर असाच एक सोमवार. सकाळी एक नंबर पडलं, "चार द्या" झालं, मी जोडून दिलं आणि एका जुन्या फोनची तबकडी पुसत बसलो. जरा वेळानं भिंतीवरून वहिनींची हाक आली. "भावजी, सुनीता बोलंना झालीया. बघा की जरा!"

मी आत गेलो. ती ओट्याखाली पडलेली होती. दूध उतू जाऊन गॅस विझला होता. रिसीव्हर तारेला लोंबत होता. मी गॅसचं बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि मग तिच्याजवळ बसलो. हा क्रम मला आठवतो. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. आधी कळलं असतं तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

मला रडू आलं नाही. दात काढताना हिरडीला इंजेक्शन देतात, आपण बोट लावून बघतो तर दुसऱ्याच्या गालाला लावल्यासारखं वाटतं... तसं. घाटावरून आलो, रक्षाविसर्जन झालं, बारावं झालं, कामावर गेलो. कास्टिंग नेहमीसारखी मोजली. माझ्याकडून एकही चुकीचं पास झालं नाही. लोक म्हणाले, साहेब खंबीर आहेत.

बोर्डावर एक आणि चारमधली दोरी तशीच होती.

मुलगी केतकी पुण्याला असते. ती महिनाभर राहिली. एक दिवस खोली झाडताना म्हणाली, "बाबा, ही वायर लावूनच ठेवलीय. काढू?"

"नको. रिंग-ऑफ आलेला नाही अजून."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग बोर्डाच्या आजूबाजूनं झाडू मारला आणि निघून गेली. जाण्याआधी तिनं सगळं नीट समजावलं, घर भाड्यानं द्यावं, मी पुण्याला यावं, नोकरी आता पुरे. मी बरं म्हणालो. मला बरं न म्हणण्याचं काही कारण दिसत नव्हतं. सांगलीचे एक गृहस्थ माझ्यासारखेच नादिष्ट, ते बोर्ड कधीपासून मागत होते. मी त्यांना फोन करून घेऊन जा म्हणून सांगितलं. ते टेम्पो घेऊन आले, बोर्डाभोवती फिरले, आणि दोरीला हात घातला.

"ती काढू नका," मी म्हणालो. "लाईन चालू आहे."

ते थांबले. चहा घेतला, पण बोर्डाविषयी पुन्हा काही बोलले नाहीत. फाटकातून निघताना माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाले, "सावकाश कळवा, गडबड नाही." टेम्पो रिकामा गेला.

आणि वहिनी आमच्या घरी यायच्या बंद झाल्या होत्या. डबा आण्णांबरोबर यायचा. मी परसात गेलो आणि त्या धुणं वाळत घालत असल्या तर बादली तिथंच ठेवून आत जायच्या. मला वाटलं, माझ्याशी काय बोलावं हे त्यांना सुचत नसेल. मलाही सुचत नव्हतं.

एकदा डबा देताना आण्णा उंबऱ्यावरच बसले. गिरणीतून आलेले, भुवया पांढऱ्या.

"जेवान निम्म्यावर आलंय तिचं," ते म्हणाले. "रातचं उठून बसती. डॉक्टर झाला, रक्त तपासलं, कायसुदिक निघालं न्हाय. इचारलं तर म्हणती काय न्हाय. आता म्हणती, गिरणी इका, मुरगूडला जाऊन ऱ्हाऊ."

"का?"

"ह्या घरात कान वाजत्यात म्हणती."

"आणि फोन? काढून नेऊ का मी?"

"त्यालाबी हात लावू देईना," आण्णा म्हणाले. "काय करू सांगा की."

मी त्यांच्या हातातला डबा घेतला. माझ्या मनात एवढंच आलं की हे दोघं गेले तर भिंतीपलीकडं कोणी राहणार नाही. ते कळलं, पण लागलं नाही.

त्यानंतर उसाचा हंगाम सुरू झाला. दिवसभर रस्त्यानं ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जायचे, त्यांच्या आवाजानं खिडक्या थरथरायच्या. हे मुद्दाम सांगतो, कारण जुनी शटरं हादऱ्यानंही पडतात. शटर अडवून धरणारी खिट्टी झिजलेली असली की पडतात. म्हणून बोर्ड घेतला तेव्हाच मी प्रत्येक खिट्टी भिंगाखाली बघून घासून बसवली होती. खालच्या ओळीतली शटरं वीस व्होल्टच्या आत पडत नाहीत, हे मोजलेलं आहे. आणि अख्ख्या मागच्या हंगामात हादऱ्यानं एकही पडलेलं नव्हतं.

तो दिवसही सोमवार. दुरुस्तीसाठी लाईट घालवली होती, त्यामुळे गिरणी बंद आणि आण्णा घरी. वेळ दुपारच्या जेवणाची, बाहेर लख्ख ऊन. काही काम नव्हतं म्हणून मी आदल्या रात्री स्वयंपाकघरातला फोन काढून आणला होता. फोडणीच्या वाफेनं दांडा चिकट होतो, तो साफ करायचा होता. फोन टेबलावर उघडा. आतला मॅग्नेटो सोडवून रॉकेलच्या ताटलीत ठेवलेला. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर तारेची दोन उघडी टोकं, त्यांना मीच वेगवेगळी चिकटपट्टी गुंडाळलेली. थोडक्यात, एक नंबरच्या लाईनीवर त्या वेळी फोनच नव्हता.

मी ब्रशनं दांडा घासत होतो.

टक्.

मी सवयीनं वरच्या ओळीकडं बघितलं. सगळी शटरं जागेवर होती. मग खाली बघितलं. एक-चारच्या दोरीचं शटर पडलेलं होतं. आणि ते पडताना भिंतीपलीकडं घंटी वाजली होती. पूर्ण नव्हे, अर्ध्या फेऱ्यात जेवढी वाजते तेवढी. किणकिण करून थांबली. हे दोन्ही आवाज एकदमच झाले, पण मला ते एकामागून एक कळले.

मी आधी रस्त्याकडं कान दिला. ट्रॅक्टर नव्हता. उठलोही नाही. ब्रश हातात धरून बसून राहिलो.

फाटक वाजलं. मंगलवहिनी दारात उभ्या. हाताला कणीक, पदर खोचलेला. इतक्या दिवसांनी मी त्यांना जवळून बघत होतो. निम्म्या झाल्या होत्या.

"भावजी, तुम्ही वाजीवला?"

"नाही."

"मग कोण वाजीवला?"

मी टेबलाकडं बोट दाखवलं. त्यांनी उघडा फोन बघितला, रॉकेलमधला मॅग्नेटो बघितला. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण फोन भिंतीवर नाही एवढं कळलं. त्या स्टुलावर बसल्या. मागून आण्णा आले, उष्टा हात तसाच.

"मीबी ऐकलो," ते म्हणाले. "फोनच्या म्होरंच जेवाय बसलो हुतो. ही चुलीपाशी. आमच्यातलं कोण हात लावलं न्हाय."

मग वहिनी बोलायला लागल्या, माझ्याकडं न बघता, बोर्डाकडं बघत.

"त्या दिशी ती म्हणाली, थांब गं, ठेवू नकोस, दूध बघून आलो. मी ठेवलो न्हाय, भावजी. कानाला लावून बसलो. कायतरी पडल्यागत वाजलं. मला वाटलं, पातेलं. मग दूध जळल्यावानी चर्र चर्र आवाज याय लागला. तरी बसलोच. तिनं ठेवू नकोस म्हटलं हुतं न्हवं? किती येळ बसलो मी? मग तुम्हाला हाक मारलो. फोन ह्यांनी ठेवला नंतर. मी ठेवलोच न्हाय. अजून ह्या कानात चर्र चर्र करतंय बघा."

आण्णा म्हणाले, "आगं, मग हे सांगायचं न्हाईस व्हय गं मला?"

"काय सांगू? मैत्रीण मरत हुती आन मी फोन धरून बसलो हुतो, असं सांगू?"

मी डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना सांगितलं. दोन्ही वेळचं सांगितलं. इतक्या दिवसांत ते सांगायला हवं, हे मला सुचलंच नव्हतं. मग मी त्यांना खालचं शटर दाखवलं.

"वहिनी, हा रिंग-ऑफ आहे."

"म्हंजे ती देत हुती त्यो?"

"हो. बोलणं संपलं, आता ठेवा, असा त्याचा अर्थ."

"तिनंच दिला?"

मला खोटं बोलता येत नाही, निदान मापाच्या बाबतीत. मी म्हणालो, "ते मला सांगता येणार नाही. तुम्ही दिलेला नाही आणि मी दिलेला नाही, एवढं सांगता येतं."

वहिनींनी डोळ्याला पदर लावला आणि मोठ्यानं रडल्या, फोनमध्ये बोलायच्या तेवढ्याच मोठ्यानं. आण्णांनी डावा हात त्यांच्या पाठीवर ठेवला. मी उभा होतो. माझ्या डोळ्यांतून काही आलं नाही. हातांची बोटं मात्र गार पडली होती, ती गार पडल्याचं मला कळत होतं.

त्यांचं रडणं ओसरल्यावर मी विचारलं, "दोरी काढू?"

"काढा," वहिनी म्हणाल्या.

मी आधी चार काढली, मग एक. दोरीला बोर्डाच्या आत वजन अडकवलेलं असतं, त्यामुळे सोडली की ती आपली आपण आत सरकून जागेवर बसते. ती बसली. शटर मी बोटानं उचललं.

आता तपासाचं. त्याच दिवशी लाईट यायच्या आत मी सगळं बघितलं. स्वयंपाकघरातली दोन्ही टोकं तशीच होती, पट्टी सुटलेली नव्हती, दोन्ही तारा एकमेकींना किंवा विजेच्या तारेला कुठंही लागत नव्हत्या. तसंही गल्लीत वीज नव्हती. आभाळ स्वच्छ, त्यामुळे आभाळातल्या विजेचा प्रश्न नाही. शटर हादऱ्यानं पडलं असं क्षणभर धरू, पण हादऱ्यानं पलीकडची घंटी वाजत नाही. वहिनींनीच दांडा फिरवला असेल, असं तुमच्यातल्या काहींच्या मनात येईल. माझ्याही आलं होतं. पण या बनावटीच्या फोनमध्ये दांडा फिरवणाऱ्याची स्वतःची घंटी वाजत नाही, समोरच्याची वाजते. त्यांची घंटी वाजली, म्हणजे करंट त्यांच्याकडं आला. बोर्डाला स्वतःचा दांडा आहे, तो माझ्यापासून हातभर दूर होता आणि मी फिरवला नाही. उरली एक नंबरची लाईन. तिच्या टोकाला चिकटपट्टी होती. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्यांना विचारलं, तर म्हणाले, जुन्या वस्तू आहेत, काहीही होतं. हे काही उत्तर नव्हे. काहीही होत नाही. वीस व्होल्ट कुठून तरी यावे लागतात.

ते कुठून आले, हे मला आजही माहीत नाही. त्यानंतर मी ती दोरी पुन्हा त्याच दोन लाईनींत लावून बरेच सोमवार बसून बघितलं. ट्रॅक्टर गेले, लाईट गेली-आली. शटर पडलं नाही. मग तो नाद सोडला. स्वयंपाकघरातला फोन साफ करून होता तिथं लावला आहे.

आण्णांनी गिरणी विकली नाही. मीही पुण्याला अजून तरी गेलेलो नाही, केतकीला तसं कळवलं, सांगलीच्या गृहस्थांनाही.

त्या प्रकारानंतर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी मी कामावरून येऊन बूट काढत होतो, तेव्हा पुन्हा टक् झालं. या वेळी वरच्या ओळीत. चार नंबर. मी दोरी खुपसून रिसीव्हर कानाला लावला.

"नंबर?"

"कुठला नंबर, मंगल बोलतो. पिठलं केलोय. येताय का धाडू?"

"येतो."

"हात धुऊन या. त्या रॉकेलच्या वासानं घास उतरंना झालाय आमचा."

पलीकडं रिसीव्हर अडकवल्याचा आवाज आला. वहिनी रिंग-ऑफ देत नाहीत हे माहीत असल्यामुळे मी दोरी काढायला हात पुढं केला.

तेवढ्यात खालचं शटर पडलं; अर्धा फेरा या वेळी वहिनींनी दिला होता.

मी ते उचललं, दोरी काढली आणि हात धुवायला गेलो.